खिशातले ब्लॅकजॅक कार्ड: पुढची बाजू घ्यावी, मागची सोडून द्यावी

एटीएम कार्डाएवढे, दोन्ही बाजूंनी छापलेले आणि पाकिटात सहज मावणारे ब्लॅकजॅकचे ‘स्ट्रॅटेजी कार्ड’ मी गेले काही महिने वापरत आहे. ब्लॅकजॅक म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्या डीलरविरुद्धचा पत्त्यांचा खेळ: आपली बेरीज एकवीसच्या वर न नेता त्याच्यापेक्षा जास्त करायची. परीक्षणाचा निष्कर्ष सुरुवातीलाच सांगतो: या कार्डाची पुढची बाजू दिलेल्या पैशांच्या कित्येक पट मोलाची आहे, आणि मागच्या बाजूवर पैज किती व केव्हा लावावी याबद्दल जो सल्ला छापला आहे, तो पाळणाऱ्याचे नुकसान ठरलेले आहे. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप एका उत्पादकापुरता नाही. डाव कसा खेळावा आणि पैज कशी लावावी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच कागदावर एकाच अधिकारवाणीने सांगण्याच्या पद्धतीला तो आहे. हे कार्ड ऑनलाइन मागवता येते, किंमत एखाद्या बऱ्या थाळीपेक्षा जास्त नाही, आणि कोल्हापुरात ते दोन-चार दिवसांत घरपोच येते.

कोल्हापुरात बसून ब्लॅकजॅकचा विचार करण्याचे कारण आपल्या गावाच्या भूगोलात आहे. निपाणी, आजरा आणि आंबोलीमार्गे गेले की सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पणजीत असतो, आणि शनिवार-रविवारच्या गोव्याच्या सहलीत मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर एक संध्याकाळ काढणारे लोक आता आपल्या ओळखीपाळखीत सगळ्यांनाच भेटतात. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली केलेला कॅसिनोंचा कायदा कधी अंमलात आला नाही आणि पुढे तो रद्दच झाला, तर पैसे लावून चालणाऱ्या जुगाराच्या अड्ड्यांना मनाई करणारा १८८७चा कायदा आजही लागू आहे. गोव्यात मात्र १९९२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आले आणि १९९६च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ सुरू होण्याचा मार्ग मोकळा झाला. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा पर्याय २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने देशभर बंद केला आहे. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाने सराव घरात, बिनपैशांचा करावा हेच योग्य. राजारामपुरीतल्या आमच्या चार-पाच जणांच्या बैठकीत चिप्स म्हणून चिंचोके वापरतात, सहा कॅट एकत्र पिसून ठेवलेले असतात आणि हे कार्ड मध्यभागी पडलेले असते. खाली जे लिहितो आहे ते या सरावातून आणि खेळाच्या गणितातून आलेले आहे.

छपाईबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्लास्टिक जाड आहे, चहा सांडला तरी पुसून निघते, आणि हिरवा, लाल, पिवळा व निळा हे चार रंग ट्यूबलाइटच्या उजेडात वेगळे ओळखू येतात. अक्षरे बारीक आहेत. चष्मा लागलेल्यांना मंद प्रकाशात थोडा त्रास होईल.

पुढच्या बाजूला एक तक्ता आहे. वरच्या ओळीत डीलरचा उघडा पत्ता, दुर्रीपासून एक्क्यापर्यंत. डाव्या रकान्यात आपल्या हातातली बेरीज. आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनात काय करायचे ते. पत्ता मागावा, थांबावे, पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यावा, किंवा जोडी फोडून दोन हात करावेत. तक्ता दिसायला साधा असला तरी त्यामागचा विचार समजला तरच तो नीट वापरला जातो, आणि तो विचार असा की ब्लॅकजॅकमध्ये आपण आपल्या पत्त्यांशी खेळत नसून डीलरच्या अडचणीशी खेळत असतो. डीलरला स्वतःचे मत नसते. सतरा होईपर्यंत त्याला पत्ता घ्यावाच लागतो. त्याच्यापुढे पंजी किंवा छक्की उघडी असेल तर तो एकवीसच्या वर जाऊन बस्ट होण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास असते. दुर्री असेल तर ती सुमारे ३५ टक्के, सत्ती असेल तर २६ टक्के, आणि दश्शी किंवा चित्र (गुलाम, राणी, राजा; प्रत्येकी दहा मोजतात) असेल तर साधारण पाचात एकदा. खासबागेच्या मैदानात मुरलेला मल्ल समोरच्याचा पाय हलला की मगच डाव टाकतो, तशी या तक्त्याची रचना आहे: डीलरचा पाय चौव्वी, पंजी, छक्कीवर हललेला असतो, आणि तक्त्यातले बहुतेक सगळे धाडस त्या तीन रकान्यांभोवती गोळा झालेले आहे.

हे धाडस कुठे घ्यावे हे कार्ड फार चांगले शिकवते. हातात अकरा आहेत आणि डीलरची छक्की आहे, अशा वेळी साधा पत्ता मागितला तर शंभर रुपयांच्या पैजेवर सरासरी ३३ रुपयांच्या आसपास फायदा असतो, आणि पैज दुप्पट केली तर तो साधारण ६६ रुपयांवर जातो. म्हणजे जो खेळाडू भीतीपोटी दुप्पट करत नाही, तो सुरक्षित खेळल्याच्या समाधानात स्वतःचे निम्मे उत्पन्न टेबलावर सोडून देतो. दहावर नव्वीपर्यंतच्या पत्त्यांसमोर आणि नऊवर तिर्रीपासून छक्कीपर्यंत दुप्पट करावे, हाही त्याच विचाराचा विस्तार आहे. नवख्या माणसाला सर्वांत विचित्र वाटते ती एक्का-सत्तीची ओळ. एक्का एक किंवा अकरा मोजता येत असल्यामुळे हे अठरा मऊ आहेत, पत्ता मागून बस्ट होण्याचा धोका नाही. म्हणून तिर्री ते छक्कीसमोर दुप्पट, दुर्री, सत्ती आणि अठ्ठीसमोर थांबणे, आणि नव्वी, दश्शी किंवा एक्क्यासमोर पत्ता मागणे असे तीन वेगळे निर्णय एकाच हातावर येतात. अठरा हा आकडा दिसायला चांगला असतो म्हणून आमच्या बैठकीत जवळजवळ प्रत्येक जण नव्वीसमोरही थांबत असे; तक्ता समोर ठेवून खेळायला लागल्यावर ती सवय सुटली.

उलट बाजूचे धाडस, म्हणजे वाईट हातावर पत्ता मागण्याचे, माणसाला अधिक जड जाते. सोळा हातात आणि डीलरचा राजा, हा या खेळातला सर्वांत नकोसा प्रसंग. शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवणारे आमचे एक स्नेही म्हणतात, “सोळावर मागायचं म्हणजे आपल्या हातानं मरायचं.” त्यांना बँकेतून निवृत्त झालेल्या दुसऱ्या स्नेह्यांनी दिलेले उत्तर मला कार्डावरच्या कुठल्याही सूचनेपेक्षा नेमके वाटते: “मरण दोन्हीकडं आहेच, अण्णा, कमी कुठं जातंय ते बघायचं.” गणित असे आहे की या स्थितीत थांबले तरी आणि मागितले तरी शंभर रुपयांवर सरासरी ५४ रुपयांच्या जवळपास जातात, मागितल्यास किंचित कमी, आणि टेबलावर सरेंडरची सोय असेल तर अर्धी पैज सोडून ५० रुपयांत सुटका होते. हात वाईट असताना कमीत कमी नुकसानीचा मार्ग निवडणे हीसुद्धा जोखमीची समज आहे, आणि सरेंडर करणाऱ्याला भित्रा समजण्याची आपल्याकडची रीत गणिताला धरून नाही.

बारा आणि डीलरची दुर्री हा असाच एक प्रसंग. दुर्री हा लहान पत्ता असल्यामुळे डीलर अडचणीत आहे असे वाटते आणि माणूस थांबतो. पण दुर्रीवर डीलर शंभरातून सुमारे ६५ वेळा सतरा किंवा त्यापुढे सुखरूप पोहोचतो आणि आपले बारा त्यांपैकी कशापुढेच टिकत नाहीत, तर बारावर एक पत्ता मागितल्यास केवळ दश्शी व चित्रे, म्हणजे तेरातले चार पत्ते, आपल्याला बस्ट करतात. म्हणून बारावर दुर्री आणि तिर्रीसमोर मागावे, चौव्वी ते छक्कीसमोर थांबावे. जोड्यांच्या बाबतीत एक्के आणि अठ्ठ्या फोडाव्यात, दश्श्या आणि पंज्या कधीही फोडू नयेत, एवढे पाठ केले तरी पुष्कळ काम होते. वीस हातात असताना डीलरची छक्की बघून दश्श्या फोडणारा खेळाडू धाडसी दिसतो, पण तो जवळजवळ जिंकलेला हात मोडून दोन अनिश्चित हात तयार करत असतो.

हा तक्ता कोणा मुरलेल्या जुगाऱ्याचे मत म्हणून घेऊ नये, एवढा आग्रह मी प्रत्येक नव्या वाचकाकडे धरीन. १९५६ साली रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी, अ‍ॅबरडीनच्या तळावर टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून, जवळजवळ अचूक अशी पद्धत सांख्यिकीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने आयबीएम ७०४ या संगणकावर ते काम तपासले आणि वाढवले. म्हणजे ज्या चौकोनांकडे बघून आपण चिंचोके सरकवतो ते सत्तर वर्षे तपासून निघालेले आहेत. चांगले नियम असलेल्या टेबलावर हा तक्ता तंतोतंत पाळला, तर कॅसिनोची आघाडी, म्हणजे पैजेतला सरासरीने त्याच्याकडे राहणारा भाग, सुमारे अर्ध्या टक्क्यावर येते. अंदाजाने खेळणाऱ्यासाठी ती त्याच्या कित्येक पट असते. तरीही ती शून्य होत नाही आणि आपल्या बाजूला झुकत नाही, हे वाक्य कार्डावर कुठेही नाही. ते ठळक असायला हवे होते.

पुढच्या बाजूची खरी उणीव दुसरीच आहे. तक्ता कोणत्या नियमांसाठी बनवला आहे हे निर्मात्याने छापलेले नाही. चौकोनांवरून ताडले तर तो अनेक कॅटच्या, डीलरने झाकलेला पत्ता आधीच घेऊन ब्लॅकजॅक (पहिल्या दोनच पत्त्यांत एकवीस) तपासण्याच्या टेबलासाठी आहे. ज्या टेबलावर डीलर आपला दुसरा पत्ता सर्वांचे खेळून झाल्यावरच घेतो, तिथे त्याला ब्लॅकजॅक लागले तर दुप्पट केलेली किंवा फोडलेली सगळी पैज जाते. म्हणून तिथे दश्शी किंवा एक्क्यासमोर अकरावर दुप्पट करू नये आणि अठ्ठ्या फोडू नयेत, नुसता पत्ता मागावा. कार्ड मात्र डोळे मिटून फोडायला सांगते. मऊ सतरावर डीलर थांबतो की आणखी एक पत्ता घेतो, यानेही सुमारे ०.२ टक्क्यांचा फरक पडतो.

यापेक्षाही मोठा फरक ब्लॅकजॅकच्या देण्याचा आहे. जुन्या नियमाने पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आला की हजारावर दीड हजार मिळतात, म्हणजे तीनास दोन. सहास पाच या नियमाच्या टेबलावर फक्त बाराशे. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणजे दर एकवीस डावांमागे तीनशे रुपये कमी, आणि पैजेच्या हिशेबात हा तोटा जवळजवळ १.४ टक्के होतो. संपूर्ण तक्ता बिनचूक पाठ करून जे मिळवले, त्यातले बरेचसे या एका नियमाने जाते. टेबलाच्या कापडावर देणे कसे ते छापलेले असते. ते वाचल्याशिवाय खुर्चीवर बसू नये, आणि सहास पाचचे टेबल असेल तर बसूच नये. कार्डाच्या निर्मात्याने या एका सूचनेसाठी अर्धी ओळ काढायला हवी होती.

आता मागची बाजू. तिचे शीर्षक पैज व्यवस्थापन अशा अर्थाचे आहे आणि त्याखाली तीन सल्ले आहेत: हरल्यावर पैज दुप्पट करा, सलग जिंकू लागलात की पैज वाढवा, आणि हातात वीस असताना डीलरचा एक्का आला तर इन्शुरन्स घ्या. पुढच्या बाजूचा प्रत्येक चौकोन गणितातून आलेला आहे आणि या तिन्ही सल्ल्यांपैकी एकही गणितातून आलेला नाही, हीच या उत्पादनाबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे.

हरल्यावर दुप्पट करण्याचा सल्ला ऐकायला बिनतोड वाटतो, कारण कधीतरी डाव येणारच आणि आला की आधीचे सगळे भरून निघून सुरुवातीच्या पैजेएवढा नफा उरणार. पाचशेपासून सुरुवात केली तर पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार, सोळा हजार आणि बत्तीस हजार असे सात डाव हरल्यावर ६३,५०० रुपये गेलेले असतात, आणि आठव्या डावाला ६४,००० लावायचे ते पाचशे रुपये मिळवण्यासाठी. तोपर्यंत बहुतेक टेबलांची कमाल मर्यादा आलेली असते किंवा खिसा संपलेला असतो. सात डाव सलग हरणे दुर्मिळ आहे असे मानण्याची चूक करू नये. तक्त्याप्रमाणे खेळूनही शंभरातून सुमारे ४२ डाव आपण जिंकतो, ४९ हरतो आणि उरलेले बरोबरीत सुटतात. यावरून हिशेब केला तर प्रत्येक नव्या सुरुवातीला अशी साखळी लागण्याची शक्यता १.३ टक्क्यांच्या आसपास येते, आणि दोनशे डावांच्या बैठकीत ती एकदा तरी लागण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. ज्या संध्याकाळी साखळी लागत नाही त्या संध्याकाळी हा सल्ला यशस्वी ठरल्यासारखा दिसतो. म्हणूनच तो एकमेकांना सांगत सांगत टिकून राहिला आहे.

जिंकताना पैज वाढवण्याचा सल्ला एवढा घातक नाही, पण तोही आधाराशिवाय आहे. सहा-आठ कॅटच्या खेळात मागचे तीन डाव आपण जिंकलो की हरलो यावरून पुढच्या डावाबद्दल काहीही कळत नाही. ‘हात लागलाय’ ही भावना खरी असते, पण तिचा परिणाम पत्त्यांवर होत नाही. पैज वाढवल्याने कॅसिनोची टक्केवारी तीच राहते आणि ती अधिक मोठ्या रकमेवर लागू होते, एवढाच काय तो बदल.

इन्शुरन्सचा सल्ला तर पुढच्या बाजूच्या तर्काशी उघड विसंगत आहे. डीलरचा एक्का दिसल्यावर अर्धी पैज वेगळी लावायची, झाकलेला पत्ता दहाचा निघाला तर तिच्यावर दुप्पट मिळते. हा व्यवहार समतोल व्हायला तीनात एकदा दहाचा पत्ता यायला हवा. सहा कॅटमध्ये एक्का सोडून ३११ पत्ते राहतात आणि त्यांत ९६ दहाचे असतात, म्हणजे ३०.९ टक्के. कार्ड मात्र नेमके वीस हातात असताना इन्शुरन्स घ्यायला सांगते, जेव्हा त्या ९६ पैकी दोन पत्ते आपल्याच हातात असतात आणि शक्यता आणखी घसरून ३०.४ टक्क्यांवर येते. चांगल्या हाताचे रक्षण करावे ही माणसाची सहज भावना आहे, पण इन्शुरन्स हाताचे रक्षण करत नाही. ती डीलरच्या झाकलेल्या पत्त्यावर लावलेली वेगळी आणि तोट्याची पैज आहे. आपल्यालाच ब्लॅकजॅक लागलेले असताना डीलर ‘इव्हन मनी’ देऊ करतो तेव्हाही हाच व्यवहार दुसऱ्या नावाने समोर येतो: नकार दिला तर रुपयामागे सरासरी सुमारे १ रुपया ४ पैसे मिळतात, स्वीकारला तर नेमका १ रुपया. जोड्यांवरच्या आणि तीन पत्त्यांवरच्या बाजूच्या पैजांबद्दल कार्ड काही बोलत नाही. त्यांवर कॅसिनोची आघाडी कित्येक टक्क्यांची असते, म्हणून त्या चौकटींत चिप ठेवू नये.

पैजेचा आकार ठरवण्याचा शास्त्रीय पाया उपलब्ध नाही असे नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी, योगायोगाने त्याच १९५६ साली, आपली बाजू वरचढ असताना भांडवलाचा किती भाग लावावा याचे सूत्र मांडले. आघाडी जेवढी मोठी तेवढा मोठा भाग; आणि आघाडी शून्य किंवा उणे असेल तर उत्तर शून्य येते. तक्ता पाळूनही आपण अर्धा टक्का मागेच असतो, त्यामुळे केलीचे सूत्र आपल्याला पैज वाढवण्याची परवानगी कुठल्याच डावाला देत नाही. अपवाद एकच, पत्ते मोजणारा. लहान पत्ते निघून गेले आणि उरलेल्या कॅटमध्ये दश्श्या व एक्के दाटले की आघाडी खरोखरच खेळाडूकडे झुकते, आणि थॉर्प यांनी १९६०च्या दशकात जगाला दाखवले ते हेच. पण त्याला दीर्घ सराव लागतो, पत्ते सतत पिसणाऱ्या यंत्रापुढे त्याचा उपयोग होत नाही, आणि संशय आला तर कॅसिनो खेळायला नकार देऊ शकतो. सहलीला गेलेल्या माणसाने तो मार्ग आपला मानू नये.

म्हणून मागच्या बाजूला मी निर्माता असतो तर एकच गोष्ट छापली असती: पैज सुरुवातीला ठरवावी आणि संपूर्ण बैठकीत तीच ठेवावी, जोखीम घ्यायची ती तक्ता सांगेल तिथे, दुप्पट करताना आणि जोडी फोडताना, कारण त्या क्षणी डीलरचा पत्ता दिसलेला असतो आणि आघाडी आपली असते किंवा निदान नुकसान कमी करता येते. पैज ठरवण्याचा क्षण पत्ते वाटण्याच्या आधीचा असतो आणि तेव्हा आपल्याला काहीच माहीत नसते.

ही पैज किती असावी याचे उत्तर चढउतारांच्या मापावरून काढता येते. ब्लॅकजॅकच्या एका डावाचे प्रमाण विचलन सुमारे १.१५ पैजांचे असते. तासाला सत्तर डाव आणि हजाराची पैज धरली तर तासाभरात सरासरी तोटा साडेतीनशे रुपयांचा, पण चढउतार साडेनऊ हजारांच्या आसपास. म्हणजे तीनपैकी दोन वेळा निकाल दहा हजारांचा तोटा आणि सव्वानऊ हजारांचा फायदा यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. तीन तास बसायचे असेल तर सोबतच्या रकमेचा चाळिसावा भाग ही पैजेची वरची मर्यादा मानावी: वीस हजार वेगळे काढले असतील तर पाचशे. यामागे केवळ टिकून राहण्याचा हेतू नाही. आठव्या किंवा दहाव्या भागाएवढी पैज लावणाऱ्या माणसाचा हात अकरावर दुप्पट करायच्या वेळी थरथरतो, कारण एका डावात चौथा किंवा पाचवा हिस्सा जाणार असतो; मग तो दुप्पट करत नाही, अठ्ठ्या फोडत नाही, आणि पुढच्या बाजूचा सगळा तक्ता निरुपयोगी होतो. पैज लहान ठेवली तरच योग्य जागी धाडस परवडते. गूळ बाजारात अडत चालवणाऱ्या आमच्या एका मित्राला हे सांगावेच लागले नाही. एका सौद्यात किती माल अडकवायचा हे ज्याने रोज ठरवले आहे, त्याला पैजेचा आकार ठरवणे जड जात नाही.

गोव्याला जाणाऱ्यासाठी कराचा हिशेब या सगळ्याच्या वर आहे, आणि परदेशी छापाच्या कार्डात तो असण्याची अपेक्षाही नाही. कॅसिनोतल्या चिप्सच्या खरेदीच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो दर ४० टक्के आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यांवर पुन्हा कर नाही, पण पहिल्या खरेदीवर आहेच. तो ग्राहकाकडून वरून घेतला जात असेल तर वीस हजारांच्या चिप्ससाठी अठ्ठावीस हजार मोजावे लागतील. आणि पाचशेच्या पैजेने दोनशे डाव तक्त्याप्रमाणे खेळण्याचा सरासरी तोटा फक्त पाचशे रुपये आहे. काउंटरवर पैसे देण्यापूर्वी कर किमतीत धरलेला आहे की वेगळा, आणि प्रवेशशुल्कातून मिळणाऱ्या चिप्स रोख करता येतात की नुसत्या खेळता येतात, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. प्रवेशाला २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. वयाचा पुरावा सोबत न्यावा.

या किमतीत पुढच्या बाजूसाठी कार्ड अवश्य घ्यावे, असे माझे मत आहे. निदान महिनाभर घरी सहा कॅट पिसून, चिंचोके किंवा कवड्या मांडून सराव करावा, आणि चुकलेला प्रत्येक चौकोन वहीत टिपून ठेवावा. मऊ हात आणि बारा-सोळाच्या ओळी सर्वांत शेवटी पक्क्या होतात. टेबलावर कार्ड बघून खेळण्यास अनेक ठिकाणी हरकत नसते, तरीही बसण्याआधी डीलरला विचारून घ्यावे. मागच्या बाजूवर मी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने चार ओळी लिहिल्या आहेत: ब्लॅकजॅकला तीनास दोन देणे आहे का ते बघणे, डीलर झाकलेला पत्ता आधी घेतो का ते विचारणे, इन्शुरन्स न घेणे, पैज रकमेच्या चाळिसाव्या भागाच्या वर न नेणे. निर्मात्याने पुढची आवृत्ती काढली आणि या चार ओळी छापल्या, तर मी जुने कार्ड टाकून नवे विकत घेईन.